दारूविना भातकापणी

जळगावला गाडी बदलताना हमालाने माझी ट्रंक डोक्यावरून सोडली ती थेट फलाटावर. झाकण वाकडं झालं, आणि त्यानंतर सबंध प्रवासात ते नीट बसलं नाही. मी त्याला चार शब्द सुनावले, त्यानेही मला दोन सुनावले, आणि आम्ही दोघं सुरतेकडे जाणाऱ्या गाडीच्या बायकांच्या डब्यापर्यंत एकमेकांशी न बोलता गेलो. नगरहून निघताना आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांनी बजावलं होतं, "सगळं पाहून या आणि आल्यावर सविस्तर सांगा." म्हणून ट्रंकेपासून सुरुवात करते.

मी निघाले होते सोनीकडे. नंदुरबारच्या मुलींच्या वसतिगृहात मी काही वर्षं शिकवत होते, तेव्हा ती माझ्या हाताखाली होती. अंगाने काटकुळी, गणितात कच्ची, आणि एखादी गोष्ट नको म्हणाली की आभाळ कोसळलं तरी नकोच. पुढे तिचं नवापूरकडच्या डोंगरातल्या एका गावात लग्न झालं. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याचाही बाप्तिस्मा झाला. गावात ख्रिस्ती घर तेवढं एकच. तिने चिठ्ठी पाठवली होती, "बाई, भात कापायच्या वेळी या. आलात तर बरं होईल." सोनी असं कधी लिहीत नसे. मी रजा टाकली.

अमळनेरला डब्यात एक शेतकरीण चढली, गळ्यात चांदीच्या सरी, मांडीवर वांग्यांची टोपली. बसल्या बसल्या तिने मला विचारलं, "कथा जाई ऱ्हायनी वं बहीन?" (कुठे निघालीस ग बहिणी?) मी चिंचपाड्याचं नाव सांगितलं. तिने डोळे मोठे केले. "डोंगरमा? एकलीच शे का? मन्हा धनी तं माले नंदुरबारना बाजारले बी एकली जाऊ देत नही." (माझा नवरा तर मला नंदुरबारच्या बाजारालाही एकटी जाऊ देत नाही.) मी म्हटलं, मला धनी नाही, म्हणून जमतं. तिने थोडा विचार केला आणि मला दोन वांगी दिली. ती वांगी दया म्हणून दिली की कौतुक म्हणून, हे मला अजून कळलेलं नाही.

तापीकाठचा सगळा मुलूख काळ्या जमिनीचा आणि सपाट. कापूस फुटला होता. बायका ओळीने वेचणी करत होत्या आणि गाडी दिसली की पाठ सरळ करून घेत होत्या. नंदुरबार मागे पडलं तसा पश्चिम खानदेशचा चेहरा बदलू लागला. खांडबाऱ्यापुढे साग आला, टेकड्या आल्या, आणि कापसाच्या जागी खाचरांतून पिकलेलं भात दिसू लागलं.

चिंचपाड्याला उतरले तेव्हा मिशनच्या शाळेचे मास्तर न्यायला आले होते. सज्जन माणूस, पण बोलणं सगळं उपदेशाच्या चालीवर. मी ट्रंक त्यांच्याकडे ठेवली आणि कापडी पिशवीत दोन लुगडी, चहाची पुडी आणि ती वांगी घेतली. मला बैलगाडीत बसवून देताना त्यांनी आवाज खाली आणला. "सोनाबाईला समज द्या, बाई. तिच्या घरच्या कापणीला दारू वाटली गेली, तर नाइलाजाने दोघांनाही चर्चमधल्या प्रभुभोजनापासून दूर ठेवावं लागेल." मी विचारलं, ती वाटणार आहे असं कुणी सांगितलं? ते म्हणाले, "नवऱ्याच्या मनात आहे, असं कानावर आलं."

ओढ्यात गाडीचं चाक रुतलं आणि मला खाली उतरावं लागलं. मी गुडघाभर पाण्यात उभी असताना गाडीवानाने शांतपणे विडी पेटवली आणि बैलांना दम खाऊ दिला. पुढची वाट मी पायीच चालले.

सोनीचं घर कुडाचं, शेणाने सारवलेलं, दारात दुधी भोपळ्याचा मांडव. तिने मला वाकून नमस्कार केला आणि लगेच म्हणाली, "बाई, तुम्ही जाड झालात." तिचा नवरा जीवल्या. बाप्तिस्म्यात त्याला याकोब नाव मिळालं होतं, पण गाव त्याला जीवल्याच म्हणतं आणि सोनीही. उंच, लाजरा माणूस. मी चहाची पुडी दिली तेव्हा ती दोन्ही हातांनी घेतली आणि कुठे ठेवावी ते त्याला सुचेना.

नागलीची भाकरी, तुरीची डाळ आणि माझी प्रवासी वांगी भाजून, असं जेवण झालं. जेवताना मला खरी गोष्ट कळली.

त्या डोंगरात कापणी एकट्याने होत नाही. ज्याचं भात तयार, तो आदल्या संध्याकाळी घरोघर जाऊन दारात उभा राहतो आणि घरातल्या माणसाचं नाव घेऊन सांगतो, "उद्या आमच्याकडे." घरातलं कुणी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. सकाळी जे विळा घेऊन आले ते आले. मजुरी नाही. ज्याच्याकडे तुम्ही गेलात तो तुमच्याकडे येणार, इतकाच हिशेब. शेतवाल्याने जेवण घालायचं आणि मोहाची दारू द्यायची. पहिला विळा लागण्याआधी त्या दारूची धार जमिनीला द्यायची, मग देवांची नावं घ्यायची. त्याशिवाय कुणी कणसाला हात लावत नाही.

मागच्या वर्षी सोनी आणि जीवल्या घरोघर गेली आणि प्रामाणिकपणे सांगून बसली, "जेवण आहे, दारू नाही." सकाळी कुणीही आलं नाही. दोघांनी जमेल तेवढं कापलं. बाकीचं दाणे झडून आणि उंदरांनी खाऊन गेलं. वर्षभर त्यांना कुणी आपल्या कापणीला बोलावलंही नाही. ज्याला बोलावत नाहीत त्याला आजारपणात खांदा नाही, छप्पर शाकारायला हात नाही.

"ह्या वर्षी कुणी नाही आलं तर आम्ही उठू," जीवल्या म्हणाला. "सोनगडकडे माझा भाऊ आहे. तिकडे मजुरी करू. जमीन पडीक राहील."

मी सोनीला विचारलं, "आणि तू काय केलंस वर्षभर?"

"गेले."

"कुठे?"

"सगळ्यांकडे. बोलावलं नाही तरी गेले. लावणीला, निंदणीला. माणसं दारू प्यायला बसली की मी ओढ्यावर पाणी प्यायचे आणि परत यायचे."

"त्यांना काही सांगितलंस? आपल्या विश्वासाबद्दल?"

"विचारलं तर सांगितलं. जमनीने विचारलं, कुणी बोलावलं नाही तर तू का येतेस? मी म्हटलं, माझ्या देवाने मला बोलावलं नव्हतं का, मी त्याची कोण होते?" आणि ती ताट उचलून धुवायला गेली. जमनी म्हणजे गावच्या कारभाऱ्याची, रूपजीची बायको.

सोनी बाहेर असताना जीवल्या माझ्याजवळ सरकला. "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. एक मडकं ठेवलं, आम्ही स्वतः प्यायलो नाही, तर देव रागावेल का?"

माझ्या डोळ्यांपुढे मास्तर उभे राहिले. खरं सांगायचं तर ती पडलेली खाचरंही उभी राहिली. मी उत्तर जुळवत होते, इतक्यात सोनी दारातून म्हणाली, "बाईंना कशाला विचारतोस? बाई परवा जातील. इथे आपल्याला राहायचंय." मला ते झोंबलं. पण तिचं काही चुकलेलं नव्हतं.

दिवे लागायच्या आधी दोघं घरोघर जाऊन आली. प्रत्येक दारात नाव घेतलं, दारू नाही हेही सांगितलं. कुणी काही बोललं नाही, हे तर रीतीप्रमाणेच होतं.

सकाळी आम्ही तिघंच खाचरात उतरलो. धुकं होतं, भात दवाने ओलं. सोनीने मला विळा दिला आणि कसं धरायचं ते दाखवलं. मी तिला बेरीज-वजाबाकी शिकवताना जितकी चिडायचे, त्यापेक्षा ती बरीच कमी चिडली. थोड्याच वेळात माझी करंगळी कापली. तिने कुठलासा पाला चोळून लावला आणि म्हणाली, "तुम्ही पेंढ्या बांधा." पेंढ्याही माझ्या सुटत होत्या. ऊन वर आलं तरी वाट मोकळीच होती. जीवल्याने तिकडे बघणं सोडून दिलं. राग कुणावर काढावा ते मला कळत नव्हतं.

मग बांधावर एक म्हातारा येऊन उभा राहिला. लंगोटी, खांद्यावर घोंगडी, कमरेला विळा आणि एक छोटा भोपळ्याचा तुंबा. "रूपजी," जीवल्या हलकेच म्हणाला. त्याच्यामागे जमनी, आणि तिच्यामागे हळूहळू अर्धं गाव. पण सगळी बांधापलीकडेच थांबली. रूपजी त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाला. जीवल्याने मला कानाशी सांगितलं, "विचारतोय, जमिनीला कोण देणार? दिल्याशिवाय आम्ही विळा लावत नाही."

इथे बोलावं असं मला फार वाटलं. जमीन कुणी निर्माण केली, पाऊस कोण देतो, यावर माझ्याकडे तयार धडा होता, वसतिगृहात दरवर्षी घेतलेला. मी तोंड उघडलंसुद्धा. सोनीने माझ्याकडे पाहिलं आणि मी ते मिटलं.

ती बांधापाशी गेली, विळा खाली ठेवला, हात जोडले आणि मोठ्याने प्रार्थना करू लागली. शब्द मला कळत नव्हते, नावं कळत होती. रूपजी. जमनी. मग एकेक करून बांधावरच्या प्रत्येकाचं नाव. जीवल्या पुटपुटत अर्थ सांगत होता. "रूपजीचे गुडघे दुखतात ते सांगतेय. जमनीची गाय आटली ते सांगतेय. पाऊस दिलास, भात दिलंस, आता माणसं दिलीस, असं म्हणतेय." आपलं नाव आलं की ज्याचं त्याचं डोकं किंचित वर व्हायचं. शेवटी ती "आमेन" म्हणाली. जीवल्या म्हणाला. मीही म्हणाले.

रूपजीने कमरेचा तुंबा सोडला, बांधावरच वाकला आणि मोहाच्या दारूची एक धार जमिनीवर सोडली. पुटपुटला. राहिलेली स्वतः पिऊन टाकली, तोंड पुसलं आणि सोनीला काहीतरी म्हणाला. जीवल्या हसू लागला.

"काय म्हणाला?"

"बांध दोघांचा आहे, म्हणाला. तू तुझ्या देवाला माझं नाव सांगितलंस, मी माझ्या देवाला तुझं सांगितलं. आता काप."

आणि सगळी माणसं खाचरात उतरली.

दुपारपर्यंत भात आडवं झालं. जेवायला लाल भात, तुरीची डाळ आणि घरच्या कोंबड्या. शेवटी सोनीने माझ्या पुडीतला, गूळ घातलेला चहा पानांच्या द्रोणांतून वाटला. द्रोण गळत होते, बोटं भाजत होती. जमनीने एक घोट घेतला आणि माझ्याकडे संशयाने पाहत विचारलं, "ताप कुणाला आहे?" तिने चहा एकदाच प्यायला होता, दवाखान्यात. चहा बहुतेकांनी ओतून दिला. काही पुरुष लवकर घरी निघाले, कशासाठी ते सगळ्यांना माहीत होतं. सोनी त्यांना "पुन्हा या" म्हणाली.

संध्याकाळी मास्तर आले. बांधावरची हकीकत ऐकून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "म्हणजे दारू सांडली गेलीच ना?" मी म्हटलं, "तिने सांडली नाही. आणि ज्याने सांडली तो तुमच्या हजेरीत नाही." यावर ते म्हणाले, रविवारी दोघांनी प्रभुभोजनाला यावं. मला ते आवडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी भरली. सोनी आणि जीवल्या मला स्टेशनापर्यंत पोचवणार होती. वाटेत बोलायचं म्हणून मी किती गोष्टी राखून ठेवल्या होत्या. आम्ही दारातून पाय बाहेर टाकतोय तोच जमनी समोर येऊन उभी राहिली. तिने आधी सोनीचं नाव घेतलं, मग जीवल्याचं, आणि एवढंच म्हणाली, "आज आमच्याकडे." आदल्या संध्याकाळी यायचं राहून गेलं होतं, म्हणून ती धापा टाकत आली होती.

सोनीने रीतीप्रमाणे तिला उत्तर दिलं नाही. माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते. वसतिगृहातल्या इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. "बाई," ती म्हणाली, "वाट सरळ आहे. ओढा उजवीकडून ओलांडा." छपरात खोवलेला विळा तिने ओढून काढला आणि जमनीच्या मागोमाग निघूनही गेली. जीवल्या दोनदा माझ्या पाया पडला आणि तिच्यामागे पळाला. मी दारात एकटी. चिंचपाड्यापर्यंत पिशवी मीच वाहिली, आणि सबंध वाटेत मला इतका आनंद होत होता की मी एकटीच गात चालले होते.

नगरला परत आल्यावर बायकांच्या सभेत मला बोलायला लावलं. ट्रंक, वांगी, करंगळी, सगळं सांगितलं. मग अध्यक्षीणबाईंनी विचारलं, "पण ती मुलगी तिथे ख्रिस्ताची साक्ष देते तरी कशी?"

मी म्हटलं, "बोलावलं नाही तरी जाते. आता बोलावतात."

"एवढंच?" त्यांना ते तोकडं वाटलं.

"ते बोलावणं दारात यायला तिला अख्खं वर्ष लागलं, बाई," मी म्हटलं. "मी माझ्या शेजारणीच्या दारात बोलावल्यावाचून अजून गेलेले नाही."