मधली कोरी जागा

अमरावतीला ठाणेदार होतो तेव्हाची एक घटना काही केल्या मनातून जात नाही. महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते. अकोल्याहून बिनतारी संदेश आला: जिनिंग प्रेसमधून रुईची गठाण चोरीला, छाप ११२. गठाण म्हणजे दाबून बांधलेली कापसाची गासडी. दुसऱ्याच दिवशी खबऱ्याने बातमी आणली, एका गाडीवानाच्या गोठ्यात त्याच प्रेसची गठाण आहे.

आकडे तेच. गाडीवानाला भर बाजारातून ठाण्यात आणले. खूप विचारपूस केली, पण माणूस एकाच बोलण्यावर ठाम.

"सायब, शेठची गठाण हाय थे. मालधक्क्यावर नेऊन राहिलो होतो. चाकाची लोखंडी धाव निंघाली म्हनून घरी उतरवली."

"मग शेठला बोलाव."

"थो मुंबईले गेला न! सायब, मले मारा, पन चोर नोका म्हनू. उद्या माह्या गाडीत कोन माल भरन?"

खोटारडा आधी पाठ वाचवतो. हा नाव वाचवत होता. मला ते खटकले. आवारात जाऊन गठाण पुन्हा पाहिली. तरटावर रंगवलेला एक, मग वीतभर कोरी जागा, मग बारा. प्रेसची रीतच तशी. आधी लॉटचा आकडा, जागा सोडून गठाणीचा. ही पहिल्या लॉटची बारावी गठाण होती. मग अकोल्यात चोरीला गेलेली कोणती?

बिनतारीवरच्या हवालदाराला विचारले. तो म्हणाला, "सायब, आमी आकडे पाठवतो. कोरी जागा कशी पाठवू?"

अकोल्याला ट्रंक कॉल लावला. चोरीची गठाण अकराव्या लॉटची दुसरी निघाली! वाटेत मधली जागा गळाली आणि दोन्हींचे ११२ झाले.

गाडीवानाला सोडणे सोपे होते. पण बाजाराने त्याला शिपायांच्या मध्ये पाहिले होते, त्याचे काय? धाव बसवून घेतली, गठाण त्याच्याच गाडीत चढवली आणि गणवेशात, त्याच बाजारातून, मी गाडीसोबत पायी निघालो.

एका अडत्याने हटकले, "ठाणेदार सायब, चोराची राखन काहून करून राहिले?"

"चोर नाही तो. चूक आमच्या संदेशात होती," मी सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले.

पुढे नोकरीभर पंचनाम्यात कोऱ्या जागेचीही नोंद घ्यायला लावली. शिपाई गालात हसत. हसोत बापडे! लिहिलेले सगळेच वाचतात. न लिहिलेल्यात एखाद्याची अब्रू अडकलेली असते, हे मी त्या तरटावर शिकलो.

काही दिवसांनी बाजारातून जाताना त्याच अडत्याची पोती गाडीवानाच्या गाडीत चढताना दिसली. गाडीवानाने माझ्याकडे पाहिलेही नाही. तो दोर आवळत होता.