ब्रूनोची हिरवी चटई

आई काल दुपारी गेली.

फोन वाजत होते, माणसं येत होती, आणि माझ्या डोळ्यांसमोर मात्र सारखी एक हिरवी चटई.

पावसात भिजलेली. कुत्र्यासाठी अंथरलेली.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरच्या दक्षिणेला, बेशाच्या वाटेवर आमचं घर. आता तिथे फ्लॅटच फ्लॅट आहेत. तेव्हा सगळीकडे शेतं, आणि मागचं अंगण म्हणजे नुसती काळी माती.

उन्हाळ्यात तिला भेगा पडायच्या. माझे किती चेंडू त्या भेगांत गेले, ते अजून तिथेच असतील.

पावसाळ्यात तीच माती फुगायची. पायाला अशी धरायची की चप्पल मागे राहायची आणि आपण पुढे.

म्हणून आईचा एकच कायदा. दारात कोणाची चाहूल लागली की आतून आवाज यायचा, "पाय!"

आम्ही तळवे वर करून दाखवायचो. बाबासुद्धा.

कायदा मोडायचा एकटा ब्रूनो.

त्याला मी कॉन्व्हेंटच्या गेटजवळून उचलून आणलं होतं. नाव इंग्रजी, जात गावठी, चारही पंजे पांढरे. आई मौद्याची, शेतकऱ्याघरची. ती त्याला बुरुण्या म्हणायची.

तिने त्याला एकच गोष्ट शिकवली, पण पक्की. चटईवर पाय ठेवायचा नाही. चटईवर माणसं जेवतात.

एका वर्षी महालक्ष्म्यांना आईने दारापासून देवघरापर्यंत रांगोळीने लक्ष्मीची पावलं काढली. तेवढ्यात अंगणातून ब्रूनो आला, आणि त्या पावलांच्या शेजारून आपली चिखलाची पावलं उमटवत थेट देवघरापर्यंत गेला.

"लक्ष्मी कोणत्या पायांनी आली, तिले तरी समजलं असंल का?" आई म्हणाली.

पुढच्या पावसाळ्यात तिने सांगूनच टाकलं. "महालक्ष्म्यांले माझा भाऊ येईल. तोवर या अंगणाचं काही झालं नाही, तर बुरुण्याले तो मौद्याले घेऊन जाईल. तिथं वावर आहे, लोळू दे खुशाल."

मी शाळेच्या चॅपेलमध्ये मेणबत्ती लावली. घरी गणपतीला दुर्वा वाहिल्या. दोघांकडे मागणं एकच.

बाबांचं इतवारीत ताडपत्री आणि दोरखंडांचं दुकान होतं. क्रिकेटच्या पीचवर अंथरायचं काथ्याचं मॅटिंगही तिथे मिळायचं. हिरवा रंगवलेला एक मोठा तुकडा पडून होता. उघडीप पाहून बाबांनी तो अंगणात ताणून बसवला, चहूबाजूंनी खिळे ठोकले.

"घे बेबी, तुझ्या ब्रूनोचं लॉन!"

मग झड लागली. खालची माती फुगली, खिळे उपटून वर आले, आणि लॉनची टम्म पुरी झाली.

आई खिडकीतून म्हणाली, "अहो, उलटवा आता. एका बाजूनं झाली तळून."

बाबा हसले, पण हरले नाहीत. पुन्हा सगळं काढलं. काळी माती खणून बाहेर टाकली, मुरूम भरला, ठोकून ठोकून बसवला, नालीकडे उतार दिला. वर रेती, तिच्यावर मॅटिंग. खिळे नाहीत, कडेने नुसत्या विटा.

आता पाणी पडायचं आणि कुठे जायचं कळायचंही नाही. मी त्यावर उताणी पडून ढग बघायची. पाठीखाली काथ्या टोचायचा. वर सगळं आभाळ सरकत असायचं.

ब्रूनो मात्र पाय ठेवेना.

बिस्किट टाकलं, ओढून नेलं, काही उपयोग नाही. तो विटांच्या बाहेर, चिखलात, भिजत बसायचा.

"काहून बे?" बाबा त्याच्यापुढे उकिडवे बसून विचारायचे. "तुझ्यासाठीच तर केलं ना हे!"

महालक्ष्म्या उद्यावर आल्या. संध्याकाळी मामा पोचला. हातात दोरी.

आई मागच्या दारात उभी राहून बघत होती. ब्रूनो विटेवर हनुवटी ठेवून बसला होता. चटईकडे नाही, आईकडे बघत.

"अवं बाई," आई हळूच म्हणाली. "हा तर माझंच ऐकून राहिला."

ती तशीच अनवाणी खाली उतरली. भुरभुर पाऊस चालू होता. अंगावर चांगली साडी. मांडी घालून ती चटईवर बसली आणि शेजारची जागा हाताने थोपटली.

"ये बुरुण्या. ये. तुझीच चटई आहे ही."

त्याने एक पंजा ठेवला. उचलला. पुन्हा तिच्याकडे बघितलं.

मग आला, आणि तिच्या मांडीत डोकं घालून बसला.

माझ्या आठवणीत ती भुरभुर अजून थांबलेली नाही.

सकाळी देवघरापर्यंत लक्ष्मीची पांढरी पावलं होती. शेजारी पुन्हा ब्रूनोची.

या वेळी हिरवी.

आई ओलं फडकं घेऊन उभी.

"मग ताई, नेऊ का याले?" मामाने विचारलं.

"कायले? चिखल आणला का त्यानं? रंग यांच्या दुकानातला कच्चा, त्याले तो काय करंल?"

आणि तिने फडकं परत खुंटीला लावलं.

परवा संध्याकाळी आई कोणालाच ओळखत नव्हती. हात मात्र गादीवर, आपल्या शेजारी, थोपटत होता.

"कोणाला बोलावतेस, आई?"

डोळे न उघडता म्हणाली, "भिजून राहिला ना तो."

मी त्या जागेवर जाऊन बसले.

काल घाटावरून परतलो. दारात बादली ठेवलेली होती. पाय धुतले, आणि सवयीने तळवा वर करून उभी राहिले.

आतून आवाज आला नाही.

आई, पाय स्वच्छ आहेत गं माझे.

नीट जा.