अनसाकाकीच्या घरचं जेवण

नागपंचमीचा दुसरा दिवस, आणि हातात काम पिठल्याचं. मुरुडला माझी खानावळ आहे, त्यामुळे डोंगराकडच्या वाडीत पूर शिरल्यावर शिजवायचं काम कुणी न विचारता माझ्याकडेच आलं. आदल्या दिवशी डोंगरातला वहाळ बघता बघता फुगला, त्यावरचा ओलांडायचा साकव मोडून घरांत घुसला आणि भाताची खाचरं दगडगोट्यांनी भरून टाकून ओसरला. वाडीतली सगळी माणसं शाळेत आणून ठेवली होती. पिठलं लवकर होतं, भाकरी टिकते, पोटाला आधार होतो. मुंबईहून मदतीला आलेल्या मुलांना बेत पटला, आम्हा बायकांना सोयीचा वाटला. दुसरा विचार कुणाच्याच डोक्यात आला नाही.

शाळेच्या वर्गात मी टोपावरचं झाकण काढलं आणि पुढे बसलेली एक म्हातारी उठून उभी राहिली. काळी, काटक, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं.

"कोन मेलंय?" तिने विचारलं.

मला कळेना.

"पिठलं-भाकर आनलीस म्हनून इचारते. कुनाच्या मयताची?"

ताटं पुढे केलेले हात खाली गेले. घरात मयत झालं की त्या घरची चूल पेटत नाही, शेजारचे पिठलं-भाकरी नेऊन देतात, हे त्या वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मलाही होतं. आणि वाडीतला एकच माणूस सापडत नव्हता, तो या म्हातारीचा मुलगा, म्हादू. गोठ्यातले बैल सोडायला गेला होता. बैल खालच्या अंगाला चरताना मिळाले, म्हादू मिळाला नव्हता.

"माझ्या घरात कुनी मेलं न्हाय," ती म्हणाली. "तांदूळ दे, मीठ दे. माझं मी शिजवीन."

मुंबईचा एक कार्यकर्ता समजुतीच्या सुरात म्हणाला, "आजी, वर्गात चूल पेटवता येत नाही."

"मंग पडवीत पेटवते. का पडवी तुझ्या बापाशीनं बांदली?"

पोरगा हसला, तीही हसली. तिने पडवीत तीन दगड मांडले, वर्गातलं मोडकं बाक फोडलं आणि ओल्या लाकडांचा धूर डोळ्यांत घेत भात शिजवला. बाकीच्या बायकांनीही तांदूळ मागितले. पिठलं आम्ही मुरुडला परत नेऊन आपसांत वाटून टाकलं आणि दुसऱ्या दिवसापासून कोरडा शिधा पाठवायला लागलो.

ही अनसाकाकी. अनसूया हे नाव तिला फक्त सरकारी माणसांनी लावलं. 'पूरग्रस्त' हा शब्दही त्यांचाच. तिच्या तोंडी त्याचं 'पूरगिरस्त' झालं. गिरस्त म्हणजे घरसंसाराचा माणूस. "आमी पुराचं गिरस्त," ती सांगायची, "आदी तो आमच्या घरात ऱ्हायला आला, आता आमी त्याच्या घरात ऱ्हातो." कुणी जुने कपडे घेऊन आलं की ती गठ्ठा सोडायच्या आधी आणणाऱ्याकडे वरपासून खालपर्यंत बघायची. एकदा त्यातून लग्नातली जरीची शेरवानी निघाली. काकीने ती बैलाच्या पाठीवर टाकली. "नवरदेव बरा दिसतोय," म्हणाली, आणि शेरवानी देणाऱ्या बाईंनाच त्याचा फोटो काढायला लावला.

वाडीच्या वरच्या डोंगराला भेग पडली होती. परत जायची बंदी झाली. रस्त्याकडेच्या माळावर पत्र्याच्या खोल्यांची रांग उभी राहिली आणि माणसं तिथे नेली. एक दार, वाऱ्याला जागा नाही. पावसात पत्रा इतका वाजायचा की शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावं लागे, आणि पाऊस थांबला की तोच पत्रा तापायचा. खाचरं दिसत होती, तिथवर जाता येत नव्हतं. नवी घरं कुठे बांधायची यावर बैठका होत होत्या. "डालग्याखाली झाकलेल्या कोंबडीगत झालंय," काकी म्हणायची. "फरक येवढाच, कोंबडीला सांजच्याला झाकतात नि सकाळच्याला सोडतात."

तिची सून सुनीता त्याहून जास्त अडकली होती. म्हादू मेला असा जबाब आई आणि बायको दोघींनी दिल्याशिवाय पुढचं काही होणार नव्हतं. मदत नाही, नव्या घरावर नाव नाही. सुनीताने जबाब दिला होता. काकी देत नव्हती. तलाठी येऊन गेला, सरपंच येऊन गेले. काकी त्यांना चहा द्यायची आणि म्हणायची, "माझ्या हातचा भात रोज शिजतोय. मयताच्या घरात भात शिजतो व्हय?"

सुनीताचं माहेर खाडीपलीकडे, दिघीकडे. तिच्या भावाने तिकडे एका आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात तिच्यासाठी कामाचं बोलून ठेवलं होतं. तिच्या लहान मुलीचीही शाळेची सोय होणार होती. पण नवरा बेपत्ता असताना सासूला टाकून गेली असा बोल लागेल म्हणून तिचा पाय निघत नव्हता. शिध्याची पोती उतरवून घेताना ती एकदा मला म्हणाली, "वयनी, मी कुनाची कोन, येवढं तरी ठरू दे."

मी काकीला सरळ विचारलं, की पोरीला किती दिवस बांधून ठेवणार. ती म्हणाली, "मी न्हाय बांदली. मी फक्त मेला म्हनत न्हाय." मी रिकामी पोती झटकली आणि निघाले.

संक्रांतीला पत्र्याच्या खोल्यांत हळदीकुंकू झालं. मी तिळगूळ घेऊन गेले होते. करंडा घेतलेली बाई ओळीने कुंकू लावत सुनीतापाशी आली आणि तिचा हात हवेतच थांबला. लावावं तर नवरा नाही, गाळावं तर सवाष्णीचा अपमान. सुनीताने मान खाली घातली, ना पुढे केली ना मागे घेतली. बाईने काही झालंच नाही अशा थाटात करंडा पुढच्या बाईकडे नेला. काकी दारात बसून बघत होती.

त्याच आठवड्यात ती एसटीने एकटीच मुरुडला आली, माझ्या खानावळीच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "मला त्या तलाठी भावसायबाकडं घेऊन चल. सुनंलाबी सांग यायला."

कचेरीत तलाठ्याने विचारलं, "मुलगा मयत झाला, असं तुमचं म्हणणं आहे ना?"

"माझं न्हाय. तुमचं म्हननं हाय."

"काकी, असं लिहिता येत नाही. हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा."

काकीने सुनीताकडे पाहिलं. मग "व्हय" म्हणाली आणि अंगठा पुढे केला. शाई पुसायला मी रुमाल दिला, तो तिने घेतला नाही. बाहेर आल्यावर अंगठा लुगड्याला पुसत म्हणाली, "कागदावर गेला तो. माझ्या घरातनं न्हाय गेला. सुने, तू उद्याच्याला जा. भावाला फोन लाव."

काकी मागच्या शिमग्याला गेली, त्याच पत्र्याच्या खोलीत. घरांच्या बैठका तेव्हाही चालूच होत्या. सुनीता दिघीहून आली, सगळं रीतसर झालं. तिच्या मयताबद्दल मला एवढंच सांगायचं आहे. मला ती आठवते ती जबाबानंतरच्या सकाळची.

त्या सकाळी मी सुनीताला आणि तिच्या मुलीला दिघीच्या बोटीसाठी माझ्या टेम्पोतून आगरदांड्याच्या जेट्टीवर सोडलं. काकी जेट्टीवर आली नव्हती. "मला चुलीपाशी काम हाय," म्हणाली होती. बोट सुटल्यावर मी परस्पर खानावळीत जाणार होते, पण टेम्पो माळाकडे वळवला.

रांगेच्या टोकालाच वास आला. काकीने सुका जवळा भाजला होता. सुतकात मासळी शिजत नाही, भाजत तर नाहीच. तो वास सगळ्या रांगेला ऐकू जाईल इतका मोठा होता. जबाबाची बातमी रात्रीतच पसरली होती. एरवी सकाळी काकीच्या दारात बसलेल्या बायका आज आपापल्या उंबऱ्यात उभ्या होत्या. सुतकाच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीत. कोण बरोबर, कागद की काकी, हे त्यांना ठरवता येत नव्हतं, म्हणून त्या तिथूनच बघत होत्या.

मी दारात चपला काढल्या.

"गेली?" काकीने विचारलं.

"गेली. बोटीत बसवून आले."

तिने मान हलवली. भाताचं भांडं उतरवलं, जवळा परातीत काढला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "जेवतेस? का तुलाबी इटाळ होतो?"

मी दार लोटलं नाही. सगळ्यांना दिसेल अशी उंबऱ्याजवळच मांडी घालून बसले.

"वाढ," मी म्हटलं.

जवळा खारट झाला होता. मी भात दोनदा मागून घेतला.