रिकाम्या हातांची फेरी

सोवेटोतल्या त्या विटांच्या लहानशा घरातून बाहेर पडताना माझा हात सवयीने गळ्यातल्या पाकिटाकडे गेला. पासपोर्ट आहे ना? मला आपलं घर आणि वस्ती दाखवणाऱ्या थांडीआजी ते बघून हसल्या.

“माझाही हात असाच जायचा,” त्या म्हणाल्या. गोऱ्यांच्या राजवटीत काळ्या माणसाला परवान्याची वही सतत जवळ बाळगावी लागे. एकदा ती घरी विसरून त्या गल्लीच्या कोपऱ्यावर पाव आणायला गेल्या आणि थेट तुरुंगात पोहोचल्या. शेगडीवरचं दूध तसंच राहिलं.

“म्हणून आता रोज सकाळी कोपऱ्यापर्यंत जाऊन येते. खिशात काही म्हणजे काही नसतं. गुडघे दुखतात, तरी जाते.”

परक्या देशात कागद लागतो, हे मी समजू शकते. पण स्वतःच्या गल्लीत पाव आणायला?

मी पाकीट काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं. “चला.”

रस्त्यावर माझा हात दोनदा गळ्याशी गेला. आजी मात्र काठी टेकत मधोमध चालत होत्या. मागून पोलिसांची गाडी आली. आजींनी वळूनही पाहिलं नाही. कोपरा येईपर्यंत गाडी त्यांच्या मागून, त्यांच्याच चालीने येत राहिली.