चाळलेली माती

तुमच्या नव्या घराच्या परसात फावडं मारलं की दगडच वर येतात, आणि आजोबांनी गावाकडे माती चाळायची जाळी घरी बनवली होती असं बाबा म्हणाला, म्हणून तुम्ही तिची कृती विचारलीत. ती आधी सांगते. कशासाठी बनवली ते नंतर सांगते, कारण ते बाबालाही नीट ठाऊक नाही.

चौकट लाकडी हवी, दाराच्या फळीएवढी. आजोबांनी मोडक्या बैलगाडीच्या फळ्या घेतल्या होत्या. त्यावर आधी कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी ठोकली, पण तिची भोकं मोठी; बोराएवढे खडे सरळ पार जायचे. ती काढून टाकली. मग चौकटीच्या चारी कडांना हरभऱ्याच्या दाण्याएवढं अंतर सोडून खिळे मारले आणि कुंपणाची तार उभी-आडवी विणली, बाज विणतात तशी. मातीच्या माऱ्याने जाळी मधोमध खाली झोळली, म्हणून खालून दोन सळ्या बांधल्या. ही चौकट दोन मेढींना, म्हणजे जमिनीत रोवलेल्या लाकडी खांबांना टेकवून तिरपी उभी करायची. फार उभी केली तर माती दगडांबरोबरच घसरून पुढे येते. फार आडवी केली तर दगड जाळीवर बसून राहतात. बेताची तिरकी जमली की फावड्याने फेकलेली माती जाळीतून मागे पडते आणि दगड गडगडत पुढे येतात. ओली माती चाळू नका, भोकं बुजतात. आधी उन्हात पसरा.

ही झाली कृती.

बाबाच्या आधी मला एक मुलगी झाली होती.

तेव्हा लग्न होऊन मी सांगलीहून कडेगावच्या पुढच्या माळावर आले होते. आज तिथे ऊस उभा असतो. त्या वेळी पावसाच्या भरवशावर ज्वारी, बाकी मुरूम आणि गोटे. वडील मास्तर, घरी इंग्रजी पुस्तकं, मी कॉलेजात शिकलेली. सासरी त्याचं कुणाला कौतुक नव्हतं आणि रागही नव्हता. आजोबा फौजेत होते, बांधकामाच्या तुकडीत. वर्षाकाठच्या सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी मुलीला पहिल्यांदा पाहिलं. ती पालथी पडायला लागली होती, आणि यांच्या मिशीला हात घालायला तिला फार आवडायचं.

त्याच सुट्टीत तिला हगवण लागली. गाडी जुंपून रस्त्यापर्यंत, तिथून एस.टी.ने इस्लामपूरला डॉक्टरांकडे नेली. औषध घेऊन परत येताना एस.टी.तच ती माझ्या मांडीवर गेली. मला वाटलं, झोप लागली.

दात न आलेल्या मुलाला आमच्याकडे जाळत नाहीत, पुरतात. आपल्याच रानात, बांधाच्या कडेला. पुरुष घेऊन जातात, बायका घरी थांबतात. आणि मुलाच्या आईला ती जागा कधीच सांगत नाहीत. सांगितली तर ती तिथे जाऊन जाऊन बसते आणि तिची कूस पुन्हा भरत नाही, अशी समजूत होती. पुरुष परत आले तेव्हा सासूबाईंनी दारातच त्यांच्याकडून वचन घेतलं, आजोबांकडूनसुद्धा.

माझी सवय तुम्हाला माहीत आहे. घरातली कात्री कुठल्या खणात आहे हे मला झोपेतही सांगता येतं. आणि माझी मुलगी त्या एवढ्या रानात कुठे आहे ते मला माहीत नव्हतं. मला दुसरं काही नको होतं. फक्त कुठे, एवढंच.

आजोबांना एकदा चुलीपाशी हळूच विचारलं. ते म्हणाले, "आईला शबुद दिलाय," आणि बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोडक्या गाडीच्या फळ्या सोडवायला घेतल्या.

विहिरीजवळ जाळी उभी राहिली आणि आजोबा सकाळपासून माती फेकू लागले. त्यांचे चुलतभाऊ बैल घेऊन वाटेने जात होते, ते थांबले.

"काय फौजी, सरकारनं हितं बी सडक काढलीया व्हय?"

"न्हाई रं. वाफा करतोय. मिरच्या लावाय."

"मिरच्यास्नी एवढी मऊ गादी? मग आमाला बी एक कर की गड्या, पाठ लय दुखतीया."

ते हसले, आजोबाही थोडे हसले. फावडं थांबलं नाही. सासूबाईंना वाटलं, लेक कशात तरी मन गुंतवतोय, बरंच आहे. त्यांनी मिरचीचं बी फडक्यात बांधून तयार ठेवलं.

पण वाफा काही होईना. जाळीपुढचा दगडांचा ढीग रोज वाढत होता, आणि जाळीमागच्या मातीचा ढीग संध्याकाळपर्यंत नाहीसा व्हायचा. विहिरीभोवती पसरलेली माती नव्हती, आळी नव्हती. माती जात होती कुठे? हा प्रश्न मनात आला आणि माझे हात पीठ मळता मळता थांबले.

दुपारची भाकरी घेऊन विहिरीवर गेले तेव्हा त्यांनी दोन घमेली भरून ठेवली होती. जेवले, हात धुतले, एक घमेलं स्वतःच्या डोक्यावर घेतलं.

"ते दुसरं तू घे."

"कुठे न्यायचंय?"

"सांगायचं न्हाई, असं म्या कबूल केलंय. घमेलं उचलून माझ्या मागनं ये, एवढंच म्हणतोय."

वरच्या बांधाला एक कडुलिंब होता. त्याच्या पलीकडे बोरीच्या फांद्या टाकलेल्या होत्या आणि त्यांच्याखाली दगड रचलेले. आजोबांनी फांद्या बाजूला ओढल्या, दगड एकेक करून उतरवले. खाली मऊ, बारीक माती होती, साऱ्या माळावर कुठे नसेल अशी. वरची हातभर जुनी माती काढून ते रोज थोडी थोडी चाळलेली भरत होते. त्याहून खाली हात घालायचा धीर त्यांना झाला नव्हता.

"त्या दिशी माती लोटली," ते म्हणाले, "तवा गोटं बी गेलं. तिच्यावर वाजलं."

मी घमेल्यातली माती मुठीने घेऊन सोडत राहिले. एकही खडा हाताला लागला नाही. मग आम्ही दोघांनी मिळून ते सगळे दगड परत रचले आणि वर काटे ओढले. दगड ठेवावेच लागतात. कोल्ही येतात.

घरी आलो तर सासूबाई उंबऱ्यात बसलेल्या. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं, कोपरापर्यंत मातीने भरलेले. आता बोलणार, म्हणून मी मान खाली घातली. आजोबा पुढे झाले.

"आई, म्या काय सांगितलेलं न्हाई."

"ठावं हाय. तू जा, बैलास्नी पाणी दाव." ते गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "लिंबाच्या कुठल्या अंगाला गं?"

"पलीकडच्या, आत्याबाई."

त्यांनी वरच्या बांधाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "माझी दोन बी त्याच बांधाला हायती, लेकरं तिथंच पुरत्यात एवढं ठावं हाय. एक ह्याच्या आधीचं, एक मागनं. मालकांनी सांगितलं न्हाई. म्या बी इचारलं न्हाई, इचारायचं नसतंय." सासरे जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. "आता इचारू कुणाला?"

आजोबांची सुट्टी संपली, ते गेले. मला वाटलं, जाळी आता पडून राहील. पण एका सकाळी सासूबाई म्हणाल्या, "बाय, तुला ती माती चाळाय जमंल का?" मला जमलं. आम्ही दोघी चाळत असू, आणि घमेलं भरलं की त्या मला उचलू देत नसत. ते डोक्यावर घेऊन बांधावर जात आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू चालत, मधेच थांबत, परत फिरत. नेमकी कुठे ओतायची ते त्यांना कळत नसे. शेवटी मान दुखायला लागली की जिथे उभ्या असत तिथे ती ओतत, आणि रिकामं घमेलं घेऊन विहिरीकडे परत येत.