पिवळ्या ठिपक्याचे रोहू

अंबादास गजभिये माणूस लाख चांगला, पण स्वतः केलेला चहासुद्धा हुंगून पितो. आमच्या घमापूर मोहल्ल्यात सगळे त्याला पाठीमागे शंकासूर म्हणतात; मी शेजारी, त्यामुळे तोंडावर म्हणतो.

नोकरीनेच त्याला असं घडवलं. दारूगोळ्याच्या कारखान्यात तो तपासणी विभागात होता. तयार मालाच्या ढिगातून चार नग उचलायचे, फोडून पाहायचे, खोट सापडली की अख्खा ढीग परत. पण ज्या ढिगात एकही खोट सापडत नसे, त्याच्यावर त्याचा खरा डोळा. “बिनखोटीचा माल नसतेच,” तो म्हणायचा. “कोणीतरी निवडून वर ठेवला असते.” मग आणखी नग फोडायचा. साहेब लोक वैतागायचे, पण त्याच्या हाताखालून वाईट माल कधी गेला नाही, हेही मान्य करायला हवं.

निवृत्त झाल्यावर त्याने बरगीकडच्या एका गावातला तलाव ठेक्याने घेतला आणि नथ्थूला भागीदार केलं. नथ्थू तिथलाच, हिंदी बोलणारा; त्याचं मूळ गाव बरगी धरणाच्या पाण्यात गेलेलं. मासे धरण्यापलीकडे त्याला काही येत नव्हतं, आणि दुसरं काही करायचंही नव्हतं. पहिल्याच हिवाळ्यात रोहूंच्या अंगावर लाल चट्टे उठले, चट्ट्यांच्या जखमा झाल्या आणि मेलेले मासे काठाला लागले. नथ्थूचा भाऊ अशाच एका हिवाळ्यानंतर नागपूरकडे वीटभट्टीवर गेला होता. आणखी एक हिवाळा असा गेला तर आपणही जाळं विकून तिकडेच जाणार, असं नथ्थूने सरळ सांगून टाकलं.

मग मासळीच्या एका संशोधन संस्थेतून विनता मॅडम आल्या. त्यांनी आपल्याकडचे वर्षभर वयाचे रोहू तलावात सोडले. एकेका जोडप्याची पिलं ओळखू यावीत म्हणून डोळ्याजवळ कातडीखाली रंगाचा ठिपका दिला होता, कोणाला लाल, कोणाला निळा, कोणाला पिवळा. प्रत्येक रंगातल्या अर्ध्या माशांना रोगाची लस टोचली आणि अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. एकांचा डावा पर जरासा छाटला, दुसऱ्यांचा उजवा. कोणती बाजू लसीची, ते मात्र सांगितलं नाही.

“सांगितलं की माणूस नकळत त्याच बाजूला जपतो, काका,” मॅडम हसून म्हणाल्या.

झालं. त्या दिवसापासून अंबादासची झोप उडाली. “आपल्यापासून लपवून काहून राहिली ही बाई?” हे मी त्याच्याकडून इतक्यांदा ऐकलं की मी त्याच्या ओट्यावर बसणं टाळू लागलो.

हिवाळा आला तसा रोग आला. लाल ठिपक्याचे पुष्कळ मेले, निळ्याचे पुष्कळ मेले, डाव्या परावाले मेले आणि उजव्या परावालेही. पिवळ्या ठिपक्याचा एकही मेला नाही. मॅडमनी रक्त तपासलं आणि त्यांचा आनंद चेहऱ्यावर मावेना.

“लस तीच, सुई तीच,” त्या म्हणाल्या, “पण लाल ठिपकेवाल्यांना ती लागूच पडली नाही. पिवळ्यांना फार छान लागू पडली. शिवाय जे पिवळे बिनलसीचे होते, तेही तगले. हे त्यांना आईबापाकडून मिळालंय. मुळात हे थोडेच आहेत, काका. यांना हात लावू नका. आषाढात मी येते, यांचीच पिलं काढू आणि त्यांना लस टोचून हा तलाव भरू.” नथ्थूने हे ऐकून त्यांना वाकून नमस्कार केला. मॅडम ओडिशाला आपल्या संस्थेत परत गेल्या.

“एकही नाही?” अंबादास मला म्हणाला. “एकही मेला नाही म्हणजे काय? मेलेले काढून दुसरे टाकले असतील. नथ्थू सामील आहे तिला.”

“अरे बाबा, कातडीखालचा ठिपका नथ्थू काय बोटाने लावतो?” मी म्हणालो.

“तुला नाही समजत. रेल्वेत तिकिटं फाडली तू जन्मभर.”

दुसऱ्याच रविवारी तो एक पिवळा रोहू घेऊन आला. अंगणात वर्तमानपत्र पसरून त्याने तो चिरला. कल्ले पाहिले, काळीज पाहिलं, वास घेतला. सगळं स्वच्छ. अंबादासचं तोंड उतरलं. तो उठून गेला आणि इंदूवहिनींनी त्या माशाचा रस्सा केला. पुढल्या रविवारी दोन आले. तेही स्वच्छ निघाले, म्हणून मग आणखी.

“अहो, चांगले आहेत तर राहू द्या ना,” वहिनी कळवळून म्हणाल्या. “काहून कापून राहिले?”

“चांगले आहेत म्हणूनच.”

मला राग यायचा. शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाट्या भरभरून रस्सा जायचा, लोक खुशीत होते आणि मी एकटा ओरडत होतो. नथ्थूने तर तलावावर त्याचा हात धरला. “दादा, ये पीली वाली रहने दो. मैडम मना करके गई हैं.” तेवढ्याने अंबादासचा संशय आणखी पक्का झाला. त्यानंतर जाळं ओढलं की पिवळा मासा तो स्वतः उचलायचा, नथ्थूला जवळ येऊ द्यायचा नाही.

आषाढात मॅडम आल्या तेव्हा मी मुद्दाम सोबत गेलो. जाळं पुन्हा पुन्हा फिरवलं. लाल आले, निळे आले. मॅडमनी अंबादासकडे पाहिलं.

“तपासले,” तो म्हणाला. “एकातही खोट नव्हती.”

“सगळे?”

अंबादासने मान डोलावली. मॅडम काठावर खाली बसल्या. म्हणाल्या, “त्यांची आई उन्हाळ्यात मेली, काका. आता ती पिलं परत मिळायची नाहीत.” त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

नथ्थू जाळं गुंडाळू लागला. अंबादास त्याच्याजवळ गेला. आयुष्यभर लोकांवर चोरीचा आळ घेणारा माणूस, पण त्या दिवशीसारखा त्याचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तो जवळजवळ विनवत होता.

“नथ्थू, एखादी तरी पिवळी मासळी चोरून ठेवली असशील. दुसऱ्या कोणाच्या तळ्यात सोडली असशील. सच बता भैया, मैं कुछ नहीं बोलूँगा.”

नथ्थूने जाळ्याची गाठ मारली आणि ते खांद्यावर घेतलं.

“आपसे छुपाकर मैंने कभी एक मछली नहीं ली, दादा.”

अंबादास त्याच्या तोंडाकडे पाहत राहिला. नथ्थू खरं बोलत होता, आणि पहिल्यांदाच अंबादासला ते पटलं.