कपाशीत उतरलेलं स्पिटफायर

पांढुर्ण्यात प्रफुल्ल कलंबेचं दुकान विचारलं की लोक आधी हसतात आणि मग पत्ता सांगतात. फवारणीचे पंप, गवत कापायच्या मशिनी, झाडं कापायच्या चेन-सॉ, असलं सगळं तो दुरुस्त करतो. काम चोख. अडचण एवढीच, की गिऱ्हाईक बोलत असताना वरून घरघर ऐकू आली तर हा माणूस पाना हातात धरून दुकानाबाहेर येतो आणि नागपूरकडं जाणारं विमान दिसेनासं होईस्तोवर भर रस्त्यात उभा राहतो. मागचे मोटरसायकलवाले हॉर्न वाजवतात, दोन शिव्या देतात, आणि मग काय पाहून राहिला बाबा म्हणून स्वतःही वर बघतात.

असल्या माणसानं स्वतःचं विमान बनवलं नसतं तरच नवल. तेही असंतसं नाही. दुसऱ्या महायुद्धातलं स्पिटफायर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नऊ फूट पंख, वजन गॅसच्या रिकाम्या सिलिंडरएवढं. पोटात कोणीतरी टाकून दिलेल्या चेन-सॉचं पेट्रोल इंजिन, आणि काचेखाली बसवलेला मुठीएवढा वैमानिक. त्या वैमानिकाच्या मिशा सासरेबुवांवर, म्हणजे रामाकोन्याच्या रघुनाथरावांवर गेल्या होत्या. ते प्रफुल्ल आजवर कबूल करत नाही. रघुनाथरावांनी मात्र एकदा वाकून काचेत पाहिलं होतं आणि जेवणाला न थांबता गाव गाठलं होतं.

चार वर्षं ते विमान घराच्या पुढच्या खोलीत वाढत गेलं. त्याची बायको दीपाली येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "पाहुणा आला तर पाय पसरायले जागा नाई आमच्या घरी. पण याचे पंख पाहा कसे पसरून ठेवले."

या विमानाला उडायला दोन माणसं लागतात. उडवणाऱ्याची नजर आभाळातून हलता कामा नये. क्षणभर जरी हलली, तरी विमान येतंय की जातंय, पोट दिसतंय की पाठ, काही कळत नाही. म्हणून जमिनीवर बघायला प्रफुल्लच्या खांद्यामागं गौतम सोमकुवर उभा राहतो. दोघं छिंदवाड्याला आयटीआयला एका खोलीत राहत होते. गौतम आता नगरपालिकेत आहे, वॉर्डावॉर्डातलं पाणी सोडतो. विमानाचं त्याला काडीचं वेड नाही. दर रविवारी तो येतो, पाठीमागं उभा राहतो आणि सांगत असतो, "उजवीकून बकऱ्या येऊन राहिल्या. त्याच्या मागं बकरीवाली. तिच्या डोक्यावर नको नेऊ, मागच्या वेळी तिनं तुझ्या मायपर्यंत उद्धार केला होता." आणि विमान धावपट्टी सोडून कुठं शेतात जाऊन बसलं, तर ते उचलून आणणाराही गौतमच. कारण प्रफुल्ल तोवर रिमोट गळ्यात अडकवून, गुडघे धरून बसलेला असतो. इतकी वर्षं झाली तरी उतरताना त्याचे पाय कापतात.

आता जागा. आपल्याकडं ज्या रानात संत्रा नाही तिथं कपाशी आहे आणि जिथं दोन्ही नाही तिथं विजेचे खांब आहेत. सपाट, मोकळी, टणक मुरमाची पट्टी अख्ख्या पंचक्रोशीत प्रफुल्लला एकच सापडली, सौसर रोडच्या आत, वीरेंद्र पराडकरांचं पडीत, म्हणजे न पेरलेलं रान. वीरेंद्रभाऊंनी ती हसत हसत दिली. "उडवा ना, प्रफुल्लभाऊ. तुमच्या इमानानं माझे वानरं तरी पळतीन." बदल्यात त्यांचे पंप आणि मशिनी प्रफुल्ल फुकट दुरुस्त करतो. उपकार कोणाचे कोणावर, हे दोघांनी कधी बोलून दाखवलं नाही.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं पांढुर्णा आणि सगळं सावरगाव जाम नदीवर गोटमारीला, म्हणजे दोन गावांनी एकमेकांवर दगड फेकायच्या जत्रेला जमलेलं असताना प्रफुल्ल एकटाच पडीतावर गेला. त्याला नवं कार्बुरेटर बसवून पाहायचं होतं, आणि आज हसायला कोणी येणार नाही हे पक्कं होतं. तिथं वीरेंद्रभाऊ पडीताला लागून असलेल्या आपल्या कपाशीच्या कडेकडेनं वाकून चालताना दिसले. ते बारीक तार गुंडाळत होते. बांबूच्या खुंट्या, प्रत्येक खुंटीला प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा आणि त्यावरून जमिनीपासून वीतभर उंचीवर ओढलेली तार. ती कपाशीतून मोटरघराकडं आणि तिथून खांबाकडं गेली होती. बांधाजवळची माती नुकतीच उकरून बुजवलेली होती. जळल्या केसांचा वास येत होता.

प्रफुल्लनं विचारायच्या आधीच वीरेंद्रभाऊ बोलले. "डुकरं हो. एका रातीत बोंडं लोळवून टाकतात. अंधार पडला की लावतो, सकाळी काढतो. तुमचा खेळ दिवसाचा, तुम्हाले काय त्याचं?" मग तार खांद्यावर टाकून त्यांनी आणखी एक वाक्य जोडलं. "फक्त आपल्यातच ठेवा. बोभाटा झाला तर लाइनवाले येतीन, पोलीस येतीन. मग मले इथं कोणालेच येऊ देता नाई येणार."

प्रफुल्लनं मान हलवली. कार्बुरेटर उत्तम चाललं.

गौतमला त्यानं सांगितलं नाही. सांगायचं त्याच्या मनात होतं, रोज होतं. पण गौतमला सांगितलं की गौतम गप्प बसणार नाही, हे त्याला पाण्याच्या पाळीइतकं नक्की ठाऊक होतं. नगरपालिकेच्या टाकीवर तो अध्यक्षालाही सुनावणारा माणूस. तो दुसऱ्या दिवशी तक्रार करणार, आणि तिसऱ्या दिवशी पडीतावर नांगर फिरणार. शिवाय तार रात्रीची आणि आपण दिवसाचे. ही शेवटची गोष्ट प्रफुल्ल स्वतःला इतक्यांदा सांगायचा, की एकदा दुकानात गिऱ्हाइकासमोरच तोंडातून निघून गेली. गिऱ्हाईक म्हणालं, "कोणती तार?" प्रफुल्लनं त्याला मशिनीच्या दोरीबद्दल काहीतरी सांगून वाटेला लावलं.

दसरा झाला, दिवाळी झाली. गौतम या काळात विमान आणायला कपाशीत तीनदा गेला आणि तीनदा शीळ घालत परत आला. एका रविवारी बकरीवालीचा कुत्रा दिसला नाही. "मेला म्हणतात," गौतम म्हणाला. "वीरेंद्रभाऊच्या बांधावर पडून होता. साप चावला अशीन." प्रफुल्ल बॅटरीचे व्होल्ट बघत होता. त्यानं ते पुन्हा बघितले.

आणि दिवस लहान होत चालले होते. मोठ्या विमानाला वारा सोसत नाही. दिवसभर सातपुड्याकडून वारा असतो आणि साडेपाच वाजून गेले की तो एकदम पडतो. मग हवा अशी थांबते की विमान रुळावरून चालल्यासारखं जातं. ती वीसेक मिनिटं म्हणजे प्रफुल्लचा आठवडा. श्रावणात ती वेळ लख्ख उजेडाची होती. कार्तिकात ती अंधाराला येऊन भिडली. डुकरंही तेव्हाच निघतात.

त्या रविवारी वारा पडला तेव्हा आभाळ नारिंगी झालं होतं. स्पिटफायर दोनदा डोक्यावरून गेलं. त्याची सावली पडावी एवढंही ऊन उरलं नव्हतं.

"उतरव आता," गौतम मागून म्हणाला. "मले खालचं दिसेनासं झालं. मी कायचा तुझा डोळा?"

"एक राउंड."

"मागचा राउंड बी एकच होता."

"अबे, हवा पाहा ना कशी हाय."

विमान पार सौसर रोडच्या अंगाला गेलं, वळलं, आणि वळता वळता त्याचा आवाज बंद झाला. पेट्रोल संपलं होतं. एवढं मोठं विमान आवाजाशिवाय येतं तेव्हा ते जवळ येतंय असं वाटत नाही. ते फक्त मोठं होत जातं. पडीतापर्यंत ते पोचणार नाही हे प्रफुल्लला लगेच कळलं. समोर दोन जागा होत्या. डावीकडं नाला, नुसते दगड, तिथं चार वर्षांचे तुकडे झाले असते. उजवीकडं वीरेंद्रभाऊंची कपाशी, कमरेएवढी, दाट, गादीसारखी.

उजवीकडं काय आहे ते त्याला आठवलं नाही असं नाही. आठवलं. आणि बोटांनी रिमोटची काडी उजवीकडं नेली.

स्पिटफायर कपाशीवर अलगद बसलं. शेपटी तेवढी वर राहिली. प्रफुल्ल गुडघे धरून खाली बसला. डोळ्यांपुढचे काजवे ओसरले तेव्हा त्याला मागं कोणी नसल्याचं जाणवलं. गौतम बांध ओलांडून गेला होता, हातांनी कपाशी बाजूला सारत चालला होता.

"गौतम, थांब. पाय उचलू नको."

आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. गौतम थांबला.

"काय झालं? साप हाय का?"

"तार हाय. डुकराची. करंटची."

गौतम हळूच वाकला. त्यानं समोरच्या दोन झाडांमधून बघितलं आणि तसाच वाकलेला राहिला. हातभर पुढं तार होती. मग तो सरळ झाला. मान न वळवता त्यानं विचारलं, "मागं बी हाय का?"

"माहीत नाई. दोन ओळी असतीन तर..."

"म्हणजे एखादी मी ओलांडून आलो अशीन."

"अशीन."

"कधीपासून हाय हे?"

प्रफुल्लनं फोन काढला. वीरेंद्रभाऊंनी तिसऱ्या वेळी उचलला. मागं बँड वाजत होता.

"वीरेंद्रभाऊ, तार चालू हाय का?"

"कोणती तार?"

"गौतम कपाशीत उभा हाय."

बँड थोडा लांब गेला. वीरेंद्रभाऊ कुठंतरी बाजूला आले असावेत. "आज लवकरच लावून आलो ना. सौसरले लग्न होतं. तिकडं कायले गेला तो?" मग अगदी मशिनीचं बिघडलेलं सांगावं तशा आवाजात म्हणाले, "मोटरघराच्या मागच्या खांबावर आकडा टाकून करंट घेतला हाय. बांबू तिथंच ठेवला हाय, कोरडा पाहून घ्या. आणि प्रफुल्लभाऊ, दुसऱ्या कोणाले फोन नका लावू. मी येऊन राहिलो."

मोटरघराला कुलूप होतं. मागं गवतात बांबू सापडला. प्रफुल्लनं तो शर्टाला पुसला, पुन्हा पुसला, आणि वर बघत आकडा ढकलला. निळी ठिणगी उडाली आणि तार सळसळत गवतात पडली. तो पळत बांधावर आला.

"काढला. ये आता."

गौतम हलला नाही. "एकच आकडा हाय, हे कोणी सांगतलं?"

कोणी सांगितलं नव्हतं. प्रफुल्लनं विचारलंही नव्हतं. त्यानं फोन लावला. वीरेंद्रभाऊंनी उचलला नाही.

"टेस्टर हाय माझ्या पेटीत. लावून पाहतो."

"टेस्टर तुझा. सांगणार तू. दोन महिने झाले नं पोळ्याले?" तारीख त्यानं स्वतःच लावली होती, प्रफुल्ल पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी एकटाच इथं येऊन गेला होता त्यावरून. "तीनदा मी शीळ घालत गेलो इथून, अन् तू तिकडं व्होल्ट पाहत होता. तू ये इथवर. हातानं धरून दाखव."

प्रफुल्ल बांधावरून उतरला. प्रत्येक पावलाला त्यानं कपाशी हातानं वेगळी केली आणि खाली बघितलं. आयुष्यात इतका वेळ त्यानं जमिनीकडं कधी बघितलं नसेल. मागची ओळ खरंच होती. गौतमच्या बुटाचा ठसा तिच्या अलीकडं एक आणि पलीकडं एक उमटला होता. मधल्या जागेत तार होती, बुटाचं टोक अडकेल अशी.

तो खाली बसला. हात उलटा केला, कारण झटका बसला तर मूठ तारेवर वळू नये, बाहेर फेकली जावी, हे त्याला धंद्यामुळं ठाऊक होतं. बोटांची पाठ तारेजवळ नेली आणि तिथंच थांबली. गौतम बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

प्रफुल्लनं हात टेकवला. तार गार होती, दवानं ओली. मग त्यानं ती मुठीत धरली.

"ये."

"सोडू नको," गौतम म्हणाला. "मी बांधावर पोचेपर्यंत सोडायची नाई."

तो प्रफुल्लच्या बाजूनं, त्याच्याच पावलांच्या खुणांवर पाय ठेवत गेला. जाताना त्यानं खांद्याला हात लावला नाही. बांधावर चढून त्यानं मागं बघितलं तेवढ्यात सौसर रोडवरून गाडीचा दिवा वळला. तो त्यांच्याकडं न येता आधी मोटरघराकडं गेला, तिथं थोडा थांबला, मग बांधाशी आला. वीरेंद्रभाऊ उतरले. लग्नातला गुलाबी फेटा तसाच डोक्यावर होता.

"सोड," गौतम म्हणाला, आणि प्रफुल्लनं मूठ उघडली.

"झालं ना सगळं ठीक?" वीरेंद्रभाऊ हसले. "आता तुमचं इमान काढून घ्या, म्हणजे मले पुन्हा लावता यीन. डुकरं यायची वेळ झाली."

गौतमनं खिशातून फोन काढला आणि नंबर शोधायला लागला.

वीरेंद्रभाऊंनी त्याच्याकडं बघितलंच नाही. ते कपाशीत बसलेल्या प्रफुल्लशी बोलत होते. "प्रफुल्लभाऊ, सांगा याले. मैदान तुमचंच हाय ना? पुढच्या रविवारी बी तुमचंच."

प्रफुल्ल उठला. पलीकडं स्पिटफायरची शेपटी अजून वर दिसत होती.

"गौतम," तो म्हणाला, "खांबावर नंबर लिहिला हाय, मी पाहून आलो. लाइनवाल्यांनी इचारला तर तो मी सांगतो. लाव फोन."

वीरेंद्रभाऊ मागं वळले. गाडीपाशी गेले आणि त्यांनी दिवा बंद केला. बांधावर गौतमच्या फोनचा उजेड तेवढा राहिला. कपाशीत प्रफुल्ल जिथं उभा होता, तिथं कोणालाच काही दिसत नव्हतं.